पहारा पुढच्या दाराला, मागचं दार सताड उघडं

यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यात शेंदुरसनी हे जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव आहे. 2025 साली सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत तिथल्या ग्रामपंचायतीच्या नावावर 27 हजारांहून अधिक जन्म नोंदले गेले. गावात एवढे पाळणे हलले नव्हते. गावाच्या नावाचं लॉगिन मात्र भलतंच कुणी चालवत होतं. प्रकरण पोलिसांत गेलं.

गावच्या सेवा केंद्रातला संगणकचालक असो की पतसंस्थेचा कारकून, कामाची वेबसेवा आता प्रत्येकाकडे आहे. असं कोणी परकं आत शिरू नये म्हणून तिच्यापुढे ओळख तपासणारा प्रॉक्सी सर्व्हर बसवावा, हा नेहमीचा सल्ला रास्तच. पासवर्डसोबत ओटीपी मागणं, एका खात्यावरून दिवसाला किती नोंदी होतील याला मर्यादा घालणं, ही कामं एकाच ठिकाणी होतात. पण प्रॉक्सी बसवला म्हणजे निर्धास्त झालो, हा समज महागात पडतो.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण घ्या. 11 ऑगस्ट 2018 रोजी चोरांनी एटीएमच्या मागण्या आणि बँकेची मुख्य प्रणाली यांच्यामध्ये स्वतःचाच बनावट प्रॉक्सी स्विच घुसवला. पैसे काढायची मागणी आली की तोच परस्पर ‘मंजूर’ म्हणायचा. मुख्य प्रणालीपर्यंत ती पोहोचायचीच नाही. 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये गेले. दोन दिवसांनी स्विफ्टमार्गे हाँगकाँगला पाठवलेली रक्कम आणि भारतातल्या एटीएममधून काढलेले पैसे धरले, तर एकूण फटका 94 कोटींच्या वर जातो. मधल्या यंत्राचा शब्द प्रमाण मानला जात होता आणि तो शब्द नक्की कोणाचा, हे कोणी विचारत नव्हतं.

छोट्या सेवेत हेच फार साध्या पद्धतीनं घडतं. एनजिनएक्स किंवा अपाचेसारखा प्रॉक्सी माणसाची ओळख पटवतो आणि त्याचं नाव एका हेडरमध्ये घालून मागच्या सेवेला कळवतो. सेवा त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवते. आता सेवेचं 3000 नंबरचं पोर्ट थेट इंटरनेटवर उघडं असेल, तर कोणीही तोच हेडर स्वतः लिहून ‘मी अ‍ॅडमिन’ म्हणत आत शिरतो. पासवर्ड फोडायची गरजच नाही. म्हणून बाहेरून आलेला तो हेडर प्रॉक्सीनं दर वेळी पुसूनच टाकावा. दोन्ही एकाच यंत्रावर असतील तर सेवेनं फक्त 127.0.0.1 वर ऐकावं. वेगळ्या यंत्रांवर असतील तर दोघांनी एकमेकांची प्रमाणपत्रं तपासावीत.

डॉकर वापरणाऱ्यांची फसगत ठरलेली. ‘3000:3000’ असं पोर्ट जोडलं की उबंटूवरच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलला वळसा घालून ते सगळ्या जगाला खुलं होतं, आणि फायरवॉलच्या यादीत मात्र बंद दिसतं! तिथं ‘127.0.0.1:3000:3000’ असंच लिहावं.

तपासणी कार्यालयाच्या वायफायवरून करू नये. मोबाइल डेटावरून सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट थेट टाकून पाहावं. लॉगिन न मागता सेवा उघडली, तर आधी पोर्ट बंद करावं आणि मग आजवर त्या वाटेनं कोण येऊन गेलं, याच्या नोंदी काढायला बसावं.