हाती घेतलेले कार्य तडीस कसे न्यावे?

सार्वजनिक संस्थांच्या दप्तरांत भूमिपूजनाची छायाचित्रे पुष्कळ सापडतात. उद्घाटनाची त्या मानाने थोडी. उत्साहात नारळ फुटतो, वर्गणीची यादी लागते, आणि पुढे जोत्यावर गवत उगवते. चार वर्षांनी देणगीदार विचारतो, "काम कुठवर आले?" अशा वेळी पैसा तर अडकतोच, पण लोकांचा विश्वासही खचतो, आणि विश्वास खचला की पुढच्या कार्याची वर्गणीही गेली असे समजावे. सबब एखादे कार्य ठरल्या मुदतीत व ठरल्या खर्चात पुरे कसे करावे, याचा थोडा विचार या महोत्सवी अंकात करणे आम्हांस अगत्याचे वाटते. हल्ली या विद्येस प्रकल्प-व्यवस्थापन असे भारदस्त नाव मिळाले आहे. परंतु तिचे मर्म समजून घेण्यास सिल्वासाच्या वेशीबाहेर जावयास नको.

१९५४ सालचा दादरा-नगर हवेलीचा मुक्तिसंग्राम आपण पराक्रमाची कथा म्हणून ऐकतो. ती पराक्रमाची कथा आहेच. पण ती उत्तम आखणीचीही कथा आहे.

पहिली गोष्ट पाहणीची. राजा वाकणकर, नाना काजरेकर आदी मंडळी प्रत्यक्ष चढाईपूर्वी या भागात अनेकदा येऊन गेली. प्रदेशाची रचना त्यांनी पाहिली, स्थानिक कार्यकर्त्यांशी ओळखी करून घेतल्या. पोर्तुगीजांचे दमण समुद्रकाठी, नगर हवेली आत, आणि मधला मुलूख भारताचा. म्हणजे दमणहून कुमक यावयाची तर ती भारताच्या हद्दीतूनच. जुलै १९५४ मध्ये भारत सरकारने ती वाट बंद केली. कोणत्याही कार्यात अशी एखादी नाडी असतेच. ती ज्याला सापडली त्याचे श्रम निम्मे झाले.

दुसरी गोष्ट द्रव्याची. सुधीर फडके यांनी या कार्यासाठी पैसा उभारण्याचा भार उचलला व लता मंगेशकर यांनी पुण्यात त्यासाठी गायन केले. निधी आधी उभा राहिला, चढाई मागून झाली. आपल्याकडे क्रम बहुधा उलटा असतो.

तिसरी गोष्ट टप्प्यांची. दादरा हा अवघ्या तीन गावांचा तुटक भाग. तो २१-२२ जुलैच्या रात्री मुक्त झाला. २८ जुलैस नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. पंधरवडाही लागला नाही. लहान टप्पा आधी सर झाला म्हणजे माणसांना हुरूप येतो, आणि आखणीतील उणिवा थोडक्या किमतीत कळतात.

चौथी गोष्ट माणसांची. युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स, आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक, तसेच कम्युनिस्ट कार्यकर्ते व वारली शेतकरी यांचे मार्ग आणि मते भिन्न होती. सर्वांचे एकमत होईपर्यंत कोणी थांबले असते तर पावसाळा सरला असता! साध्य एक असले की पुरे. कोणी कोणता भाग उचलावा एवढे मात्र स्पष्ट हवे.

पाचवी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. मुक्तीने काम संपले नाही. वरिष्ठ पंचायतीने पुढे सात वर्षे कारभाराची घडी सांभाळली. तिकडे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोर्तुगालचा दावा चालला व १२ एप्रिल १९६० रोजी निर्णय झाला की सशस्त्र सैन्य वा पोलीस भारताच्या हद्दीतून नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही. १९६१ साली विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यास के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्यांस एका दिवसापुरते येथील पंतप्रधान नेमण्यात आले, आणि ११ ऑगस्टला हा प्रदेश भारतात सामील झाला. कागद पुरे झाले तेव्हाच कार्य पुरे झाले.

आता हेच धडे एखाद्या विद्यार्थी-वसतिगृहास लावून पाहू. मुले जूनमध्ये यावयाची, तर दिवस तेथून मागे मोजावेत. मेअखेर रंग, विजेची जोडणी व नळ, त्याआधी गिलावा, त्याआधी छत. छत ओतल्यावर पाणी मारीत राहून आधार साधारण दोन ते तीन आठवडे ठेवावे लागतात; तेथे घाई चालत नाही. म्हणजे पाया दिवाळीनंतर लगेच घ्यावयास हवा, आणि नकाशाची मंजुरी व निधी पावसाळ्याच्या चार महिन्यांत पदरी पडावयास हवा. कोणत्या कामास उशीर झाला असता सगळेच लांबते, हे शोधण्याची पद्धत १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत कारखाने व आरमार यांच्या कामांत शास्त्रशुद्ध रीतीने बांधली गेली. आपल्या शेतकऱ्याला तिचे मर्म नवे नाही. पेरणी चुकली की मळणीच्या वेळी केलेली धावपळ फुकट, हे तो जाणतो.

कार्यवाहाने एवढे तरी करावे. कार्याचे उद्दिष्ट एका वाक्यात लिहून सभेत मंजूर करून घ्यावे. प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचे नाव व एक तारीख घालावी. "समिती पाहील" असे लिहिले की कोणीच पाहत नाही. अंदाजपत्रकात दहा-पंधरा टक्के रक्कम अडीअडचणीसाठी राखून ठेवावी. दर आठवड्यास अर्धा तास बसून काय झाले, काय अडले, कोण सोडवणार, एवढेच विचारावे. मध्येच कोणी "एक मजला वाढवा" म्हटले, तर त्याचा खर्च व वाढणारे दिवस कागदावर मांडल्याखेरीज होकार देऊ नये. आणि वाईट बातमी आणणाऱ्यावर रागावू नये. नाहीतर पुढची वाईट बातमी फार उशिरा येईल.

हिशेब व कागदपत्रे पुरी करून, देखभालीची जबाबदारी कोणावर हे ठरवूनच कार्यवाहाने कार्यातून मोकळे व्हावे. उद्घाटनाच्या दिवशी फुले कोणाच्याही गळ्यात पडोत. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आले पाहिजे.