एकट्याने चालण्याचं गणित : रतनवाडी ते पाचनई

आमच्या श्रीरामपूरच्या उसाला पाटाचं पाणी कुठून येतं हे शाळेत एका ओळीत संपवलं होतं : भंडारदरा, विल्सन डॅम, १९२६. (शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे प्रवरा नदीसुद्धा इंग्रजीतच पाठ केलेली. शुद्धलेखन सांभाळून घ्या.) ही नदी उगम पावते रतनगडावर. ते बघायचं म्हणून गेल्या डिसेंबरात सॅक पाठीला लावली आणि रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, तिथून पाचनई असा एक दिवस एकटा चाललो. हॉस्टेलवर आल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न, "एकटा? भीती नाही वाटली?" वाटली की! पण भीतीपेक्षा गणित जास्त उपयोगी पडलं, म्हणून तेच मांडतो.

लांब पल्ल्याचं चालणं आपल्याला नवं नाही. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून आपल्याच जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. पण वारीत दिंडी असते, सामान ट्रकमध्ये असतं, चहा कोणीतरी देतंच. अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल साधारण ३,५०० किलोमीटरची. १९४८ साली अर्ल शेफर ती एकटा सलग चालला. तिथे झाडांवर रंगाच्या खुणा आहेत. आपल्या सह्याद्रीत बऱ्याच वाटांवर खुणा नाहीत आणि एकट्याच्या मागे ट्रकही नाही.

आधी वजन. चौघे असले की स्टोव्ह, औषधं, भांडी वाटून घेता येतात. एकट्याला सगळं स्वतःच. ढोबळ नियम असा की सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत हवी. माझं वजन ६० किलो, म्हणजे मर्यादा १२. मी ९ किलोवर थांबलो आणि त्यातले ३ किलो नुसतं पाणी होतं. जड वस्तू तळाशी किंवा बाहेरच्या खिशात नको, पाठीला चिकटून हवी. अंतर वाढलं की मोमेंट वाढतो आणि मग खांदे मागे ओढले जातात. मेकॅनिक्सच्या पेपरात न कळलेली गोष्ट चढावर दहा मिनिटांत कळते!

मग वेळ. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम दिला : ताशी सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. मी अंतर १८ किलोमीटर आणि एकूण चढ ९०० मीटर धरला. (हे माझे ढोबळ आकडे, कॉपी करू नका.) उत्तर आलं पाच तास. ओझं, ऊन आणि वाट शोधणं यासाठी त्याची दीडपट केली, वर दीड तास विश्रांती. म्हणजे नऊ तास. सकाळी सातला निघालो तर चार. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण झाडीत त्याआधीच अंधारतं. म्हणून एक वेळ वहीत लिहून ठेवली : अकरापर्यंत खिंडीत पोचलो नाही तर मागे फिरायचं. हे घरी बसून, डोकं थंड असताना ठरवायचं. अकरा वाजता दमलेला माणूस स्वतःशीच वाद घालतो आणि तिथे तिसरा कोणी नसतो.

खरी परीक्षा वाटेची. कारवीच्या रानात गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा मळलेल्या वाटेइतक्याच ठळक दिसतात. फरक असा की ढोरवाट आडवी जाते, फाटे फुटतात आणि झुडपात विरते. माणसांची वाट खिंडीचा रोख सोडत नाही, तिच्यावरचे दगड घासून गुळगुळीत झालेले असतात. दहा मिनिटं एकही खूण दिसली नाही तर शेवटच्या खात्रीच्या जागेवर परत यायचं. मी दोनदा आलो, वीस-वीस मिनिटं गेली. ती वेळ दीडपटीत होतीच.

आणि विचारायचं कसं, तेही शिकण्यासारखं आहे. "ही वाट पाचनईला जाते ना?" असं विचारलं तर माणूस भिडेने "हो" म्हणतो. "ही वाट कुठं जाते, मामा?" असं विचारावं. कुमशेतच्या अलीकडे गुरं राखणाऱ्या एका मामांनी वाट तर सांगितलीच, वर विचारलं, "एकलाच? घरी ठावं हाय का?" ठाऊक होतं. गावांची नावं, मुक्काम आणि "रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर ११२" असा कागद आईकडे आणि रूममेटकडे दिला होता. डोंगरात रेंज मिळेलच असं धरून निघू नये.

खिंडीत पावणेअकराला पोचलो. इथे एक गंमत आहे. मागे पडलेला पाऊस प्रवरेत, म्हणजे भंडारदऱ्यात आणि तिथून आमच्या पाटात. पुढे पडलेला मुळेत. दोन्ही नद्या पुढे आपल्याच जिल्ह्यात भेटतात. मी बाटलीतलं घोटभर पाणी दोन्ही बाजूंना ओतलं. पोरकटपणा, पण मोजून. कुमशेतला बाटल्या पुन्हा भरता येणार होत्या.

पाचनईत पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते आणि पाऊण लिटर पाणी शिल्लक होतं. एका घरी पिठलं-भाकरी आणि ओसरी मिळाली, गावातूनच फोनही लागला. दुसऱ्या दिवशीचा हरिश्चंद्रगड पुढच्या अंकात, संपादकांनी जागा दिली तर.