विहिरीने घातलेले कोडे

विहिरीतले पाणी खोल गेले की जाणता मिस्त्री पाणी ओढणारा पंप काठावर बसवीत नाही. तो विहिरीत खाली उतरवून बसवितो. असे का? याच प्रश्नाच्या मागे लागून माणूस वाफेच्या एंजिनापर्यंत पोचला.

पंपाने पाणी सुमारे १० मीटरच्या वर खेचले जात नाही, हा सतराव्या शतकातील इटालियन कारागिरांचा अनुभव होता. निसर्गाला पोकळी खपत नाही, म्हणून दट्ट्यामागोमाग पाणी चढते, असे त्या काळी शिकविले जाई. मग ही नावड १० मीटरवरच कशी संपते? लांब दोरी स्वतःच्या भाराने तुटते, तसाच पाण्याचा स्तंभ तुटत असावा, असे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात सुचविले.

टॉरिसेलीने प्रश्न उलटा केला. पाणी वरून ओढले जात नसून बाहेरची हवा ते खालून ढकलते, असे मानले तर? पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणजे तो तितक्याच पटीने कमी चढला पाहिजे. १०.३ मीटरला १३.६ ने भागा. सुमारे ७६ सेंटिमीटर येतात. १६४३-४४ च्या सुमारास प्रयोग झाला आणि पारा जवळजवळ तेवढाच उभा राहिला. हाच पहिला वायुभारमापक. १६४८ मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने फ्रान्समधील प्यूय द दोम या डोंगरावर हाच प्रयोग केला. माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटर कमी भरला, कारण वर हवेचा भार कमी.

आता हिशेब करा. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम. ५० सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याखाली पूर्ण पोकळी झाली, तर वरून जवळजवळ २ टन भार पडेल! ही पोकळी करायची कशी? नळकांड्यात वाफ भरून ती थंड केली की तिचे पाणी होते आणि मागे पोकळी उरते, हे पापँ याने १६९० मध्ये दाखविले. १७१२ मध्ये इंग्लंडात डडलीजवळ न्यूकमेनचे एंजिन कोळशाच्या खाणीतले पाणी उपसू लागले. त्यात दट्ट्या खाली ढकलणारी वाफ नव्हती, हवाच होती. दर खेपेस नळकांडेच थंड केल्याने कोळसा मात्र फार जळे. वॅटने वाफ वेगळ्या भांड्यात थंड केली व १७६९ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

म्हणजे पंप जिथे अडला, तिथूनच पुढची वाट फुटली. 'असेच असते' म्हणून कारागिरांचा अनुभव सोडून दिला असता, तर ही वाट दिसलीच नसती.

मिस्त्रीचे कोडे आता सुटले. गळती व घर्षण यांमुळे प्रत्यक्षात पंप ७-८ मीटरच पाणी ओढतो. म्हणून तो पाण्याजवळ न्यावा लागतो. आता एक प्रश्न तुम्हांला: तोच पंप सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरला नेला, तर तो पाणी तितकेच ओढील का? पास्कालचा डोंगर आठवा आणि उत्तर कारणासह वहीत लिहा.