अखंड वचनाचे पाठांतर

वाचावयाचा शास्त्रभाग : स्तोत्र १, अनुवाद ६ ते ८, मत्तय ४:१–११.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका रात्री आर्वी तालुक्यातील एका खेड्यातून आम्हांस बोलावणे आले. मंडळीतील एक वृद्ध भगिनी मृत्युशय्येवर होत्या. घाईत पवित्र शास्त्र घरीच राहिले. मोबाईलमध्ये ते आहेच, अशी आम्ही मनाची समजूत घातली. पोहोचलो तो गावची वीज गेलेली, आणि वाटेत उजेडासाठी वापरलेला मोबाईलही बंद पडलेला. आजीबाईंनी क्षीण स्वराने १०३ वे स्तोत्र म्हणावयास सांगितले. आरंभीची पाच वचने आम्हांस येत होती. ती म्हटली, आणि सहाव्या वचनाशी जीभ अडली.

तोच कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या नणंदबाईंनी तेथून स्तोत्र उचलले आणि बाविसाव्या वचनापर्यंत नेले. मनुष्याचे आयुष्य गवताप्रमाणे सुकून जाते, परंतु देवाची दया युगानुयुग टिकते, हा भाग आला तेव्हा आजीबाईंचे ओठ त्यांच्याबरोबर हलू लागले. पहाटे त्या प्रभूकडे गेल्या.

मागाहून आम्ही नणंदबाईंस विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “माय दळताना म्हणे, पास्टरसाहेब. मी जात्यापाशी बसून ऐकत होती. पुस्तक मला कुठे वाचता येते!”

सेमिनरीत आम्ही ग्रीक भाषेची रूपे रात्र रात्र घोकली होती. परंतु मरणोन्मुख भगिनीस ज्या वचनांची गरज होती, ती आमच्यापाशी नव्हती. आम्हांस जो आरंभ येत होता त्यात देवाच्या उपकारांचे व आरोग्यदानाचे वर्णन आहे. मरणाच्या दारी उभ्या असलेल्या जिवास आधार देणारा भाग पुढे आहे, आणि तेथवर आम्ही कधी गेलोच नव्हतो. त्या रात्रीपासून हा विषय आमच्या मनात घोळत आहे.

१. मनन म्हणजे काय?

पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष रात्रंदिवस नियमशास्त्राचे मनन करितो असे सांगितले आहे. तेथे मूळ इब्री भाषेत ‘हागा’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ मुकाट्याने विचार करणे एवढाच नाही. पुटपुटणे, मंद स्वराने उच्चारणे असाही आहे. यशयाच्या पुस्तकात हेच क्रियापद भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहाविषयी (३१:४) व घुमणाऱ्या पारव्याविषयी (३८:१४) योजिले आहे. यहोशवास दिलेल्या आज्ञेतही (१:८) नियमशास्त्र मुखातून जाऊ देऊ नये असे प्रथम सांगून मग मननाचा उल्लेख केला आहे. सारांश, मननाचा आरंभ मुखापासून होतो. शेतात, वाटेवर, चुलीपाशी जे वचन ओठांवर येऊ शकते, त्याचेच रात्रंदिवस मनन होईल. पुस्तक मिटताच जे मागे राहते, त्याचे कसे होणार?

२. प्रभूने काय पाठ केले होते?

अरण्यात प्रभु येशूच्या हाती ग्रंथ नव्हता. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतानाने त्याची तीनदा परीक्षा घेतली, आणि तीनही वेळा त्याने शास्त्रवचनानेच उत्तर दिले. ती उत्तरे कोठली आहेत ते पाहा : अनुवाद ८:३, ६:१६ आणि ६:१३. तीनही एकाच सलग भागातील आहेत. इस्राएल लोकांची अरण्यात चाळीस वर्षे कशी परीक्षा झाली, हेच त्या भागात त्यांस स्मरण करून दिले आहे. स्वतः अरण्यात असता प्रभूने त्या अरण्याचाच शास्त्रभाग मनात धरिला होता, असे दिसते.

आता सैतानाकडे पाहा. शास्त्र तोही म्हणतो! परंतु मत्तयाच्या वृत्तान्तात त्याने ९१ व्या स्तोत्रातून घेतलेल्या वचनाचा मधला भाग, म्हणजे देवाच्या मार्गांनी चालणाऱ्याचे रक्षण होईल हा भाग, गाळला आहे. शिवाय त्याच्या पुढेच सर्पास पायाखाली तुडविण्याचे वचन आहे. तेथवर तो जातच नाही. ज्यास संपूर्ण स्तोत्र येते, त्यास हे लागलेच कळते.

वधस्तंभावरही प्रभूच्या मुखी २२ व्या स्तोत्राचा आरंभ होता. ते स्तोत्र त्यागिल्याच्या आक्रोशाने सुरू होते आणि देवाच्या स्तुतीने संपते. ज्यास त्याची केवळ पहिली ओळ ठाऊक आहे, त्यास शेवटची पहाट दिसत नाही.

३. तुटक वचनाचा धोका

शब्बाथशाळेत मुलांस दर आठवड्यास एक सुवर्णवचन देण्याची रीत चांगली आहे; ती सोडावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु आयुष्यभर तेवढ्यावरच राहणे बरे नव्हे. फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ घ्या. पौलास सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे तो सर्व काही करावयास समर्थ आहे, हे वचन पुष्कळांच्या घरी भिंतीवर आढळते. परीक्षेत यश मिळेल, धंद्यात बरकत येईल, असा त्याचा अर्थ करितात. त्याच्या आधीची दोन वचने पाठ असती तर कळले असते की पौल तेथे भूक व तृप्ती, विपुलता व उणीव ह्या सर्वांत संतुष्ट राहावयास शिकल्याविषयी बोलत आहे. बोंडअळीने कपाशी गेली आणि सावकाराचे देणे उरले, अशा घरी यशाचे वचन म्हणून ते सांगणे म्हणजे जखमेवर मीठ होय. परंतु अखंड भाग म्हटला तर तेच वचन अशा घरात उभे राहू शकते.

४. आपल्या देशाची रीत

पाठांतर ही परक्यांची रीत नव्हे. पंडिता रमाबाईंनी बालपणी आपल्या मातोश्री लक्ष्मीबाईंच्या मुखातून संस्कृत शिकून पुराणे कंठस्थ केली. पुढे १९२२ साली प्रभूकडे जाण्यापूर्वी त्यांनी मूळ भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर पुरे केले. आपल्या वर्धा जिल्ह्यात तर उदाहरण डोळ्यांसमोर आहे. विनोबा भावे १९२१ साली वर्ध्यास आले. त्यांच्या आईस गीतेचे संस्कृत कळत नसे, आणि मराठीत गीता असावी ही तिची इच्छा होती. तीतूनच १९३२ साली ‘गीताई’ प्रसिद्ध झाली. ती तोंडपाठ म्हणणारे आमचे शेजारी आहेत. वर्ध्याजवळ गोपुरी येथे १९८० पासून तिचे अठराही अध्याय शिलांवर कोरलेले उभे आहेत. शेजाऱ्यांची ही निष्ठा पाहून आम्हांस लाज वाटावी. पौल तर म्हणतो की ख्रिस्ताचे पत्र दगडी पाट्यांवर नव्हे, मांसमय हृदयांवर लिहिलेले असते (२ करिंथ ३:३). त्या पाट्या कोऱ्या ठेवून कसे चालेल?

५. पाठांतराची रीत

प्रथम १०३ वे स्तोत्र घ्यावे. त्यात बावीस वचने आहेत. मग डोंगरावरील प्रवचन, मत्तय ५ ते ७, घ्यावे. त्यात १११ वचने आहेत. आठवड्यातून पाच दिवस रोज एक नवे वचन मोठ्याने म्हणावे, आणि प्रत्येक वेळी अध्यायाच्या आरंभापासून तेथवर यावे. उरलेले दोन दिवस नवे काही घेऊ नये. केवळ उजळणी व मनन करावे. ह्या बेताने मृगाच्या पेरणीस आरंभ केला तर तेविसाव्या आठवड्यात, कापूस वेचणीच्या हंगामात, सर्व प्रवचन मुखोद्गत होईल.

ज्यांस वाचता येत नाही त्यांस घरातील शाळकरी मुलाने वाचून दाखवावे. दोघांचेही पाठ होईल. पूर्वी दिवेलागणीस मुले पाढ्यांचा परवचा म्हणत, तसा शनिवारी सायंकाळी घरोघर वचनांचा परवचा व्हावा.

वचन म्हणता म्हणता एखादा शब्द अडवील, तेथे थांबावे. येथे देवाविषयी काय कळते? माझ्याकडून काय मागितले आहे? एवढे विचारून त्या शब्दाचीच प्रार्थना करावी. बैल घाईने चरतो आणि गोठ्यात बसून सावकाश रवंथ करितो. अंगी लागते ते रवंथ केलेलेच.

एक इशारा. परूशीही शास्त्र जाणत होते. किती अध्याय येतात ह्याची गणती मंडळीत मिरवू नका. वैऱ्यावर प्रीती करण्याचा भाग पाठ झाला आणि बांधावरचे भांडण मिटले नाही, तर तो भाग अजून जिभेवरच आहे असे समजावे.

आम्ही स्वतः त्या रात्रीनंतर १०३ वे स्तोत्र सहाव्या वचनापासून शिकावयास बसलो, आणि नणंदबाईंसच आमचे गुरू केले. प्रिय वाचकहो, आपल्या मंडळीतही अशी एखादी वृद्ध माउली असेल. ती आहे तोवर तिच्यापाशी जाऊन बसा.

मननासाठी प्रश्न

१. आपणांस आरंभ ठाऊक आहे, परंतु शेवट ठाऊक नाही, असा कोणता शास्त्रभाग आहे?
२. अनुवाद ६ ते ८ हा भाग अरण्यात प्रभूच्या उपयोगी का पडला?
३. आपल्या घरी ह्या आठवड्यात परवचा कोण म्हणवून घेईल?