रंग उडवणारे ऊन, वीज देणारे ऊन

उन्हाळ्यात नागपूरच्या गांधीबागेतील कापडबाजारात एक फेरी मारा. दुकानाच्या दर्शनी भागी महिनाभर टांगलेली रंगीत साडी उलगडली, तर घडीच्या आत रंग गडद आणि बाहेर फिका दिसतो. दुकानदाराचे हे नुकसान खरेच. पण असे का व्हावे?

रंगाचा रेणू प्रकाश शोषतो, तेव्हा त्यातील एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. बहुधा तो क्षणार्धात खाली येतो व ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. क्वचित रेणूच मोडतो आणि रंग उडतो. हा इलेक्ट्रॉन खाली येण्यापूर्वीच कोणी उचलून घेतला तर?

१९९१ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे मायकेल ग्रॅट्झेल व ब्रायन ओरेगन यांनी हे काम टायटॅनियम डायऑक्साइडकडे सोपवले. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच ही पूड! इलेक्ट्रॉन रंगातून ऑक्साइडमध्ये, तेथून तारेत जातो. रंगाची भरपाई आयोडीनयुक्त द्रव करतो. त्यांच्या सौरघटाची कार्यक्षमता सुमारे ७ टक्के होती.

मात्र ऑक्साइडला चिकटलेलाच रेणू इलेक्ट्रॉन देऊ शकतो, आणि सपाट काचेवर रंगाचा असा एकेरी थर फारच थोडा प्रकाश शोषतो. म्हणून कण बारीक हवेत. गणित करून पाहा. १ सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६०० चौ. मीटर होते, म्हणजे कबड्डीची जवळजवळ साडेचार मैदाने! (उत्तर चुकले तर शून्ये पुन्हा मोजा, माझे महाविद्यालयीन विद्यार्थीही तेथेच घसरतात.)

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा घटांसाठी टायटॅनियमच्या व जस्ताच्या ऑक्साइडचे नॅनोकण अभ्यासले. आपल्या जांभळाचा रंगही या घटात चालतो, पण वीज अगदी थोडी मिळते.

आता अडचण ऐका. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पडले, की हेच ऑक्साइड स्वतः उत्तेजित होते आणि चिकटलेल्या रंगाच्या रेणूंची मोडतोड करू लागते. जितके पृष्ठफळ अधिक, तितकी ही मोडतोडही अधिक. शिवाय मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा घटातील द्रव झिरपू वा उडू न देणे हेही एक कामच होऊन बसते.

गांधीबागेतील दुकानदार दुपारी पडदा सोडतो. सौरघटाला तसे करून कसे चालेल? त्याच्या काचेवर अतिनील किरण तेवढे अडवून बाकीचा प्रकाश आत सोडणारा पातळ थर द्यावा लागतो.