उचल

पेण गाव गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे, हे तुम्हांला ठाऊक असेल. याच पेण तालुक्यात व शेजारच्या रोहा तालुक्यात कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. इंग्रजांच्या काळात जंगलावर निर्बंध आले आणि त्यांचा हा धंदा बसला. बहुतेकांजवळ स्वतःची जमीनही नव्हती. ते मजूर झाले.

भाताची लावणी संपली की मजुरी थांबते. घरातले धान्य संपते. त्यातच कोणी आजारी पडते. अशा वेळी वीटभट्टीचा मालक किंवा मुकादम आगाऊ पैसे देतो. या पैशांना ‘उचल’ म्हणतात. उर्दूत आपण ‘पेशगी’ म्हणतो. दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते.

आता एक हिशेब करू. समजा, एका जोडप्याने २०,००० रुपये उचल घेतली. हंगामात त्यांची मजुरी ४०,००० रुपये झाली. आठवड्याच्या बाजारासाठी मालकाने दिलेली ‘खर्ची’ २५,००० रुपये झाली. उरले १५,०००. म्हणजे राबूनही ५,००० रुपये फिटले नाहीत! पुढच्या पावसाळ्यात त्यावर नवी उचल चढते.

त्यांचा मुलगा जूनमध्ये शाळेत जातो. दिवाळीनंतर भट्टीवर धाकट्या भावंडाला सांभाळतो. परत येतो तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. हळूहळू त्याची शाळा सुटते. मोठेपणी तोही मालकाच्या वहीत अंगठा उठवतो. वहीत काय लिहिले आहे, हे वडिलांना वाचता आले नाही. त्यालाही येत नाही.

मग सांगा, ही गरिबी आळसामुळे टिकते काय?

१९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. कर्जापोटी कोणालाही कामावर डांबून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि वेठबिगाराचे असे कर्ज रद्द होते. पण कायदा ठाऊक असावा लागतो, हिशेब वाचता यावा लागतो.

दिवाळीनंतर तुमच्या वर्गातले एखादे बाक रिकामे दिसले, तर गुरुजींना सांगा. शेजारी कोणी हिशेबाची वही घेऊन आला, तर ती त्याला मोठ्याने वाचून दाखवा. तुमची बेरीज-वजाबाकी तिथे खरी कामाला येईल.

स्वाध्याय
१. उचल का घ्यावी लागते?
२. मुलाची शाळा कशी सुटते?
३. उचल फिटावी म्हणून काय करता येईल? पाच वाक्ये लिहा.