दुसरा बाण

संयुत्त निकायातील सल्लत्थ सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण शारीरिक वेदनेचा. तो कोणालाही चुकत नाही. दुसरा शोकाचा, तो मन स्वतःच ओढवून घेते. परीक्षेत गुण कमी पडणे हा पहिल्यासारखाच घाव. ‘आता सारे संपले’ ही रात्रभराची चिंता म्हणजे दुसरा बाण. तो टाळण्यासाठी आम्ही आनापानसतीचा अभ्यास करतो: नैसर्गिक श्वास येता-जाता जाणावा, भटकलेले मन न रागावता परत आणावे. पालकांनीही फोनवर गुणांआधी मुलाची झोप, जेवण विचारावे. चिंता कित्येक आठवडे हटत नसेल, तर केवळ ध्यानावर विसंबू नये. शासनाच्या टेलि-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते. बाण लागल्यावर वैद्याला बोलावणे हाही धम्मच होय.